नाशिकच्या जुन्या कागदांत शिरायचं कसं

जुन्या नाशकात कुठल्याही वाड्यासमोर थांबून "हा कधीचा हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पेशवेकालीन. काही वाडे खरंच तसे आहेत. काही मात्र रेल्वे आल्यानंतर बांधलेले आहेत, आणि ते सांगणारा कागद कुठल्यातरी कपाटात फडक्यात बांधून पडलेला असतो. तो शोधायला इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, पेन्सिल लागते आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशी नीट बोलता यावं लागतं. स्थानिक इतिहासाचं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी, मग तो कॉलेजचा प्रकल्प असो, गल्लीतल्या तालमीची स्मरणिका असो की स्वतःच्या घराण्याची माहिती, हे टिपण आहे.

१. आधी प्रश्न लहान करा

"मला पंचवटीचा इतिहास पाहिजे" असं म्हणत गेलात तर समोरचा माणूस दोन-चार छापील पुस्तकं पुढे सरकवेल. त्याची चूक नाही, एवढ्या मोठ्या मागणीला एवढंच देता येतं. प्रश्नात ठिकाण, काळ आणि माणसं असली की कपाटं उघडतात.

उदाहरणादाखल एक प्रश्न घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरून चालू. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी दूरवर जात. दुसऱ्या महायुद्धात धातूवर कंट्रोल आला आणि पत्रा मिळेनासा झाला. तेव्हा इथल्या तांबटांनी धंदा कसा चालवला? प्रश्न असा मांडला की कुठले कागद हवेत ते आपोआप समोर येतं: दुकानाच्या वह्या, पेढीची पत्रं, कंट्रोलचे परवाने, जकातीच्या नोंदी, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, लग्नाच्या आहेराच्या याद्या. आहेराची यादी हसण्यावारी नेऊ नका. पितळी हंडा-कळशी कुठल्या वर्षी यादीतून गायब झाली आणि तिच्या जागी काय आलं, हे तिथेच सापडतं.

दुसरं काम शब्दांची यादी करण्याचं. तुमचा विषय कागदात कोणकोणत्या नावांनी लपलेला असेल? एकच घराणं एका कागदात तांबट, दुसऱ्यात कासार आणि तिसऱ्यात त्वष्टा कासार म्हणून येतं. मालाच्या नोंदी "भांडी" या शब्दाखाली क्वचितच असतात. त्या घंगाळ, तपेलं, बंब, पत्रा, घडाई, मठारकाम, कल्हई अशा असतात. जुनी भांडी मोडीत घेतली की वहीत फक्त "मोड" लिहितात. युद्धकाळाच्या प्रश्नात बहुधा हाच शब्द सगळ्यात कामाचा ठरेल, कारण नवा पत्रा नसला की मोड गाळूनच काम चालवावं लागतं. गावाचं नावही बदलतं. मोगल अमदानीतल्या आणि नंतरच्याही काही कागदांत नाशिक नाही, गुलशनाबाद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात "नासिक" सर्रास आहे. कंपनी सरकारच्या काळातल्या इंग्रजी कागदांत स्पेलिंगमध्ये दोन एस आणि शेवटी सीके असतं, त्यामुळे संगणकावर आजच्या स्पेलिंगने शोधलं तर ते हाताला लागत नाहीत.

२. जाण्याआधी काय वाचायचं

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे, १८८३ सालचा. तो स्कॅन केलेल्या रूपात सहज मिळतो. शेती, बाजार, धंदे, जाती, देवळं, किल्ले असं सगळं त्यात आहे. पांडवलेण्यांतल्या लेखांवरचा भाग तर भगवानलाल इंद्रजी यांच्या अभ्यासावर उभा आहे, तो आजही वाचावा. आमच्या प्रश्नासाठी त्यातलं तांब्या-पितळेच्या धंद्याचं वर्णन म्हणजे साठ वर्षं आधीचं चित्र, तुलना करायला पक्कं. स्वातंत्र्यानंतरची सुधारित आवृत्तीही आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

गॅझेटियर वाचताना एक ध्यानात ठेवायचं. ते साहेबाच्या कारभारासाठी लिहिलेलं पुस्तक आहे. कुठली जात कशी "स्वभावाने" आहे वगैरे वाक्यं इतिहास म्हणून उतरवून घेऊ नयेत. आकडे घ्या, ठिकाणं घ्या, शेरे तिथेच सोडा.

काही तारखा पाठ असलेल्या बऱ्या, कागद पाहताना त्या खुंटीसारख्या उपयोगी पडतात. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८६४ मध्ये नगरपालिका आली. १८६९ मध्ये नाशिक हा वेगळा जिल्हा झाला. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण त्याआधीच्या सरकारी कागदांत तुमचं गाव नगर किंवा खानदेशाच्या दप्तरात असू शकतं. महापालिका १९८२ ची.

३. कुठलं दार ठोठवायचं

नाशिकमध्ये सुरुवात सावानापासून, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकपासून करावी. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, आणि पावणेदोनशे वर्षांहून जास्त जगलेल्या संस्थेकडे पुस्तकांखेरीज बरंच काही साठतं: पोथ्या, जुनी नियतकालिकं, संग्रहालयातल्या वस्तू, संस्थेचेच अहवाल आणि इतिवृत्तं. नवख्यांचं अहवालांकडे हमखास दुर्लक्ष होतं. वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या याद्यांतून त्या काळचं शहर डोळ्यांसमोर उभं राहतं.

सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यात पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. नाणी हा तुमचा विषय असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. देशात या विषयाला वाहिलेल्या संस्था थोड्या, त्यातली एक आपल्या दारात आहे. याशिवाय देवस्थानं, तालमी, ज्ञातिसंस्था, शंभरी ओलांडलेल्या शाळा, सहकारी पतपेढ्या. फलकावर संग्रहालय असं लिहिलेलं नसतं, पण कपाट असतं.

पेशवाईतलं काही हवं असेल तर मात्र पुण्याला जाणं चुकत नाही. पेशवे दप्तर तिथल्या पुरालेखागारात आहे आणि नाशिक, त्र्यंबक, आनंदवल्ली, गंगापूर यांचे असंख्य कागद त्यात आहेत. राघोबादादांचा मुक्काम आनंदवल्लीला, गोपिकाबाईंचं उत्तरायुष्य गंगापूरच्या बाजूला, तेव्हा हे ओघानं आलंच. इंग्रजी अमदानीतला सचिवालयाचा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखात. पण आधी गावातलं संपवा. छोट्या संग्रहालयात जी घरगुती वही मिळते ती मुंबईत मिळणार नाही.

४. पहिली खेप

फोन करून जा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात आणि खासगी संस्थांत ज्यांच्याकडे किल्ली तेच रजेवर असतात. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा: नाव, पत्ता, विषय, कुठल्या काळाचे कागद हवेत, कशासाठी, फोटो काढायची परवानगी हवी आहे का. सोबत ओळखपत्राची प्रत. विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं पत्र न्या. नसाल तर सावानासारख्या ठिकाणी सभासद होणं हा सरळ मार्ग आहे.

त्या दिवशी कागद बघायला मिळतीलच असं धरून जाऊ नका. पहिली खेप ओळखीची. अभिरक्षक किंवा ग्रंथपाल यांच्याशी दहा मिनिटं बोला आणि मग तिथल्या जुन्या शिपाईमामांशी दुप्पट वेळ बोला. पावसात भिंत ओली झाली तेव्हा कुठलं कपाट कुठे हलवलं, हे मामांनाच ठाऊक असतं. यादीत "सापडत नाही" असा शेरा असलेली गोष्ट त्यांनी हात घालून काढल्याची उदाहरणं प्रत्येक संस्थेत ऐकायला मिळतील.

वेळ निवडताना नाशिकचं पंचांगही पाहावं. पितृपक्षात आणि श्रावणी सोमवारी नदीच्या बाजूला काम करणं अवघड, आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तशी पंचवटीत गाडी लावायलाही जागा उरणार नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जुने कागद सोडवू न देण्याचा आग्रह कोणी धरला तर तो योग्यच समजा. कार्तिकानंतरची कोरडी हवा कागदाला आणि माणसाला दोघांनाही मानवते.

५. कागदाआधी रजिस्टर मागा

या सगळ्यात एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. नवखा माणूस गेल्या गेल्या "तांबटांवरचे कागद दाखवा" म्हणतो. छोट्या संग्रहालयात विषयवार सूची सहसा नसतेच. असते ती दाखल नोंदवही, बोलताना सगळे ॲक्सेशन रजिस्टर म्हणतात ती. संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू तिथे आली त्या क्रमाने लिहिलेली असते: क्रमांक, तारीख, वर्णन, कोणाकडून, देणगी की खरेदी की ठेव, कुठे ठेवली, शेरा.

हे रजिस्टर विषय शोधत वाचू नका. तारीख आणि देणारा या दोन रकान्यांवर बोट ठेवून वाचत जा. समजा एका पानावर लागोपाठ अशा नोंदी आहेत: पितळी घंगाळ एक, अडकित्ते दोन, ठशांचा संच एक, तराजू मापांसह एक, जुने कागद एक गाठोडे. सगळ्यांची तारीख एकच, देणारा एकच. म्हणजे कोणाचं तरी दुकान किंवा वाडा आवरला गेला आणि सगळं एकदम इथे आलं. पुढे घंगाळ काचेच्या कपाटात गेलं, ठसे दुसऱ्या खोलीत गेले आणि गाठोडं माळ्यावर. आज ते एकमेकांना ओळखतही नाहीत. ठसे कोणत्या कारखान्याचे हे गाठोड्यातल्या वहीत असणार, आणि वही कोणाची हे ठशांवरून कळणार. रजिस्टरचं ते एक पान त्या दोघांना जोडणारा एकमेव पुरावा असतं.

"जुने कागद एक गाठोडे", "किरकोळ कागदपत्रे", "मोडी कागद, वाचले नाहीत" अशा नोंदी दिसल्या की थांबा आणि क्रमांक उतरवून घ्या. ज्या कागदाचं वर्णन सुबक आहे तो बहुतेक कोणीतरी वापरून झालेला असतो. ज्याचं वर्णन आळसात उरकलं आहे त्यात नवं काही असण्याची शक्यता जास्त.

शेऱ्याच्या रकान्यातलं पेन्सिलीनं लिहिलेलंही वाचा. "कसर लागली", "प्रदर्शनास दिले", "जुना क्र." अशी छोटी अक्षरं असतात. मध्ये कधीतरी नव्याने क्रमांक दिलेले असतील तर वस्तूवर एक आकडा आणि रजिस्टरमध्ये दुसरा असतो, तेव्हा दोन्ही उतरवा. "ठेव" असं लिहिलं असेल तर मालकी अजून त्या घराण्याची आहे, छापण्याआधी त्यांची परवानगी लागेल.

रजिस्टर दाखवायला काही ठिकाणी नाखूष असतात, कारण त्यात किमती आणि देणगीदारांचे पत्ते असतात. हट्ट करू नका. "एवढ्या सालापासून एवढ्या सालापर्यंतची पानं तुमच्यासमोर बसून बघतो" म्हणा, बहुधा जमतं.

६. कागद समोर आल्यावर

हात धुवून पूर्ण कोरडे करा. टेबलावर शाईपेन किंवा बॉलपेन नको, फक्त पेन्सिल. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. चहा लांब. रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, सोडताना गाठ कशी होती, कागद कुठल्या क्रमाने होते ते पाहून ठेवा आणि तसंच परत बांधा. तो क्रमसुद्धा माहिती असते. घडी कडक झाली असेल तर उलगडू नका, सांगा. फोटोच्या प्रतींना कडेनेच धरा. फ्लॅश बंद.

आणि कोणी प्रेमापोटी "हा कागद फाटतोय, लॅमिनेट करून देऊ का?" म्हणालं तर त्यांना हात जोडून थांबवा. चिकटपट्टीलाही तेच. लॅमिनेशनमधून कागद पुन्हा सुखरूप बाहेर काढणं जवळजवळ अशक्य असतं, आणि आपल्याकडे घराघरांतल्या सनदांची वाट या हौसेनं लावली आहे.

७. टिपणं

फोनवर दोनशे फोटो काढून घरी जाणं ही नवी साथ आहे. महिन्याने त्यातला कुठला फोटो कुठल्या वहीचा हे आठवत नाही. फोटो काढायचेच तर प्रत्येक वहीच्या आधी एका चिठ्ठीवर संस्थेचं नाव, दाखल क्रमांक, तारीख आणि पान लिहून त्या चिठ्ठीचा फोटो घ्या, मग पानांचे. शेजारी पट्टी ठेवली तर आकारही कळतो. प्रत्येक कागदामागे एक टिपण: काय आहे, कोणी कोणाला लिहिलं, तारीख जशीच्या तशी, तुम्ही लावलेली इंग्रजी तारीख वेगळी, आणि तुमचा तर्क चौकटी कंसात. कागदात आहे ते आणि तुम्हाला वाटलं ते, यांची सरमिसळ इथेच झाली तर पुढे सोडवता येत नाही. लागलं नाही ते अक्षर टिंबांनी सोडा, अंदाजाने भरू नका.

८. तारीख लावणं

यात गोडी आहे आणि घसरगुंडीही. बिनतारखेचा कागद असं म्हणून बाजूला ठेवण्याआधी त्याला चारी बाजूंनी बघा.

स्टॅम्पपेपर असेल तर मजकुरापेक्षा आधी शिक्का बोलतो. व्हिक्टोरिया राणीला "एम्प्रेस" म्हटलं असेल तर कागद १८७७ किंवा नंतरचा. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, सहावा जॉर्ज त्यानंतर. राजा गेल्यावरही जुना साठा काही काळ विकला जातो, म्हणून ही "याच्या आधीचा नाही" एवढीच खूण. विसाच्या दशकात नाशिकरोडला प्रेस सुरू झाली आणि मुद्रांक, तिकिटं इथेच छापू लागली, त्यामुळे ही विद्या नाशिककराला यायलाच हवी असं मला वाटतं.

बिलात रुपये-आणे-पै असतील तर ते एप्रिल १९५७ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी, पण लोकांनी तोंडी आणि वहीत आणे पुढेही सोडले नव्हते. दुकानाच्या छापील लेटरहेडवर पिनकोड, म्हणजे ४२२ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असेल तर तो ऑगस्ट १९७२ नंतरच छापला. पत्त्यात "मुंबई राज्य" असेल तर मे १९६० च्या आधीचा. फोटोतल्या गाडीवर एमएच १५ दिसलं तर १९८९ च्या अलीकडचा. गोदाकाठचा पुराचा फोटो असेल तर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आहे ते बघा. नाशिकमध्ये पुराची मोजपट्टी तीच. मग त्या पातळीची तुलना सप्टेंबर १९६९ किंवा सप्टेंबर २००८ च्या पुराच्या छापील फोटोंशी करता येते.

आता कालगणना. तांबटांच्या चाळीसच्या दशकातल्या वह्यांत तुम्हाला दोन गोष्टी भेटतील. शके असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडवा या काळासाठी ७९. संवत असेल आणि वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू झालेली असेल तर दिवाळी ते डिसेंबरसाठी ५७ वजा, जानेवारीपासून पुढे ५६ वजा. संवत १९९९, कार्तिक म्हणजे १९४२ चा नोव्हेंबर, युद्ध आणि महागाई ऐन भरात असतानाचा. वहीत आकड्यांपुढे उभ्या दांड्या असतात: एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. पाच आणि दोन दांड्या म्हणजे साडेपाच रुपये. त्या दांड्यांना विरामचिन्ह समजून सोडून दिलं की हिशोब कधीच जुळत नाही. वजनाच्या मणातही गोम आहे. मण कच्चा की पक्का, शेर किती भाराचा, हे गावागणिक आणि मालागणिक बदलायचं, तेव्हा किलोत रूपांतर करण्याची घाई नको.

पेशवाईतल्या कागदावर तारीख आणखी वेगळी. "सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ" हे वाचून दचकायचं नाही. हे अरबी अंक आहेत आणि एककापासून वर लिहिलेले आहेत: इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०, म्हणजे १७७० च्या मृगापासून १७७१ च्या मृगापर्यंतचं वर्ष. वर्ष मृग नक्षत्रावर सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या भागासाठी ६०० मिळवायचे. नवख्यांची गफलत होते ती सबा आणि सबैन यांत. सबा सात, सबैन सत्तर. तसंच आर्बा चार आणि आर्बैन चाळीस. महिन्याआधी "छ" असेल तर ते चंद्राचं चिन्ह, पुढे येणारा महिना मुसलमानी: छ ५ रजब म्हणजे रजबची पाचवी तारीख. फसली सन असेल तर दक्षिणेत ५९० मिळवतात आणि वर्षाची सुरुवात पुन्हा मृगावर. या बेरजा एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा.

९. मोडीला घाबरू नका, पण फसूही नका

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशोबाच्या वह्या मोडीत लिहिल्या जात, म्हणजे आमचा महायुद्धाचा प्रश्नसुद्धा मोडीवाचून सुटत नाही. आधी ओळीभर आडवी रेघ मारून मग खाली अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही. एवढं कळलं की अर्धी भीती जाते. शिकताना सनदेपासून सुरू करू नका. जमाखर्चाच्या वहीपासून करा. तिथे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात: जमा, नावे, बाकी, पत्रा, मोड, घडाई, हस्ते. डोळा आठवड्याभरात बसतो.

पुराभिलेख खात्याचे आणि काही विद्यापीठांचे मोडीचे वर्ग असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, त्यामुळे वाचून देणारे आता पूर्वीपेक्षा सहज भेटतात. पैसे आधी ठरवा. आणि लिप्यंतर ओळीला ओळ जुळवून मागा, "साधारण मजकूर असा आहे" हे चालणार नाही. नावं आणि रकमा दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतल्या तर उत्तम.

१०. संग्रहालयाबाहेर

वाड्याचं किंवा दुकानाचं वय हवं असेल तर नगर भूमापन कार्यालयात जा. मिळकत पत्रिका आणि त्यामागची चौकशी नोंदवही यांतून पाहणीच्या वेळी धारक कोण होता, हक्क कसा आला हे निघतं. भोवतालच्या गावांसाठी जुने सातबारे, फेरफार आता "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याचे स्कॅन होऊन आले आहेत. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा.

रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या हा वेगळाच खजिना. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे गुरुजी कोण हे कळतं, आणि मग वहीत पणजोबांची सही, सोबत आलेल्यांची नावं, तिथी. या वह्या त्या घराण्यांच्या खासगी मालकीच्या आहेत, त्यांची उपजीविका आहे, तेव्हा दक्षिणेसह आणि आदबीने जा. एक मर्यादा मात्र आहे: त्या यात्रेकरूंच्या वह्या आहेत. नाशकातच पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तांबट त्यात क्वचितच सापडेल. तो बाहेरून कुठून आला असेल तर त्या मूळ गावाच्या पानांवर कदाचित.

वर्तमानपत्रांच्या फायली चाळताना बातम्यांइतक्याच जाहिराती बघा. "जुन्या भांड्यांना जास्त भाव" अशी जाहिरात कुठल्या महिन्यापासून वाढते, हेच आमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होऊ शकतं.

आणि माणसं. भट्टीचा आवाज ऐकत वाढलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याकडे सालं विचारू नका, सालं माणसाला आठवत नाहीत. "तुमच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा दुकानात काय माल होता?" असं विचारा. रेकॉर्डर लावण्याआधी परवानगी घ्या आणि ती परवानगीही रेकॉर्ड होऊ द्या.

११. कागद एकमेकांशी भांडले तर

भांडणारच. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी जे घडलं ते पोलिसी अहवालात एका तऱ्हेने येतं, मंदिराच्या बाजूच्या पत्रांत दुसऱ्या आणि सत्याग्रहींच्या आठवणींत तिसऱ्या. तिघांची सरासरी काढून "खरं काय ते मध्ये कुठेतरी असेल" असं लिहिणं हा आळस आहे. प्रत्येक कागदाला विचारा: हे कोणी लिहिलं, कोणाला दाखवायला लिहिलं, कधी लिहिलं, आणि लिहिणारा तिथे हजर होता का. मंदिरात कोणाला येऊ दिलं नाही, हे देवस्थानाच्या जमाखर्चात लिहिलेलं नसतं. त्यासाठी दुसऱ्याच घरातले कागद शोधावे लागतात, आणि ती घरं बहुतेक वेळा संग्रहालयाच्या देणगीदारांच्या यादीत नसतात. रजिस्टर वाचताना कोण आहे त्याबरोबर कोण नाही हेही टिपून ठेवायला हवं ते यासाठी.

वह्यांचंही तसंच. कंट्रोलच्या काळात काळ्या बाजारात घेतलेला पत्रा कोणी पत्रा म्हणून लिहिला असेल? अचानक "किरकोळ" खर्च फुगलेला दिसला तर तिथे पेन्सिलीने खूण करा. नगरपालिकेच्या जकातीत आत आलेला धातू आणि दुकानांच्या वहीतून बाहेर गेलेली भांडी यांचा मेळ बसतो का ते बघा. दोन्ही बाजूंचे कागद उरलेले असतील तर. मेळ बसला नाही तर फरक किती ते लिहा, कारण लगेच लिहू नका.

१२. लिहून काढा

हाती लागलेलं थोडं असलं तरी चार पानांचं टिपण करा. प्रत्येक विधानापाशी संस्था, दाखल क्रमांक, पान. छापायला किंवा कुठे टाकायला कागदाचा फोटो हवा असेल तर लेखी परवानगी वेगळी घ्या. आधी मिळालेली परवानगी बघण्याची होती, छापण्याची नव्हे. हयात माणसांची नावं, कर्जं, खटले यांबाबत हात आखडता ठेवा.

टिपणाची एक प्रत, वाचलेल्या मोडी कागदांचं लिप्यंतर आणि तुम्ही केलेली गाठोड्याची यादी संग्रहालयाला द्या. जे शोधलं आणि सापडलं नाही त्याचीही यादी जोडा: अमुक सालच्या वह्या पाहिल्या, पत्र्याच्या नोंदी नाहीत, तमुक दोन वर्षांची वही गाठोड्यात नाही. पुढच्या माणसाचे आठवडे वाचतात, आणि ती हरवलेली वही दुसऱ्या कोणाच्या माळ्यावर असेल तर हे वाचून तो फोन तरी करेल.